तक्रार नसलेल्या घरातली भट्टी

मी व्होंद्रांच्या तळघरातली जुनी भट्टी आहे. वय विचाराल, तर शंभरी ओलांडूनही दोन हिवाळे झाले. अंगाने मी इतकी भरलेली आहे की तीन माणसांनी हात धरून वेढा घातला तरी पुरायचा नाही. आधी मला खड्ड्यात उतरवलं आणि मग माझ्यावर घर बांधलं. त्यामुळे तळघराच्या दारातून मी सबंध बाहेर पडूच शकत नाही. माझ्या डोक्यातून आठ जाड नळकांडी फुटली आहेत आणि ती वाकडीतिकडी होत छताला भिडली आहेत. मी त्यांना माझे हात म्हणते. गल्लीतली पोरं मला ऑक्टोपस म्हणतात आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच किंचाळत परत पळतात. आता दिसायला मी अशी आहे, त्याला माझा काय इलाज?

मित्रांनो, माझं काम तसं साधं आहे. पोटात जाळ करायचा, हवा तापवायची आणि ती हातांतून वर सोडायची. मला पंखा नाही, मोटर नाही. गरम हवा आपणहून वर जाते, एवढ्या एका भरवशावर मी आयुष्य काढलं. माझा प्रत्येक हात वरच्या कुठल्या ना कुठल्या खोलीत संपतो, आणि तिथे जमिनीत एक लोखंडी जाळी बसवलेली आहे. त्या जाळीतून ऊब वर जाते आणि वरचं बोलणं खाली येतं. या घरात कोण कुणाला काय म्हणालं, कोण कुणावर रुसलं, कुणी कुणाची समजूत घातली, ते सगळं मला ठाऊक आहे. मी कधी कुणाला सांगितलं नाही, इतकंच. आज मात्र सांगणार आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका ओतशाळेत झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या दारावर द्राक्षांच्या वेलीची नक्षी काढली. तळघराच्या अंधारात ही नक्षी बघणार कोण, असं त्यांच्या मनात आलं असेल की नाही कोण जाणे, पण काढली खरी, आणि मन लावून काढली. तिथून मालगाडीने मी या ओमाहा शहरात आले. मला विकत घेणारे फ्रांतिशेक व्होंद्रा मांसाच्या कारखान्यात कामाला होते. दिवसभर बर्फाच्या खोलीत उभं राहून त्यांची बोटं आखडायची. संध्याकाळी घरी आले की ते आधी तळघरात उतरायचे, माझ्या अंगाशी हात धरायचे आणि चेक भाषेत माझी स्तुती करायचे. मला चेक येत नाही. पण स्तुती कळायला भाषा कशाला लागते?

ते दिवस कोळशाचे होते. पहाटे कुणीतरी उठून माझ्या तोंडात फावड्याने कोळसा घालायचा आणि सगळं घर हळूहळू जागं व्हायचं. जाळ्यांवर ओल्या मोज्यांच्या रांगा लागायच्या. मुलं पायघोळ झगे घालून जाळीवर उभी राहायची, आणि झगे फुगून त्यांचे भोपळे झाले की खिदळायची. पुढे माझ्या पोटात गॅसची शेगडी बसवली. फावडं गेलं, राख गेली आणि माझ्या अंगावरची काजळीही गेली. मी अगदी नव्या नवरीसारखी दिसायला लागले, असं मीच मला म्हणायचे. दुसरं कोण म्हणणार?

खरी नवरी त्यानंतर बारा वर्षांनी आली. फ्रांतिशेकच्या नातवाने, एमिलने, मार्सेलाशी लग्न केलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, दोनशे मुलांचं जेवण करायची. सुरुवातीला ती मला इतकी घाबरायची की तळघरात येताना मोठ्याने गाणी म्हणायची. मग डेल जन्मला. त्याचे लंगोट जाळीवर तासाभरात वाळायला लागले आणि आमची मैत्री झाली. एमिल दर ऑक्टोबरात मला झाडायचा, पुसायचा, दाराच्या बिजागरांना तेल घालायचा. सात वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून माझं दैव फिरलं.

माझे हात गंजायला लागले होते. लॉइड नावाचा म्हातारा मिस्त्री मला तपासायला यायचा. त्याने पाच हात कापून त्यांची तोंडं पत्र्याने बंद केली. नवे बसवता आले असते, पण माझ्या हातांभोवती जुना पांढरा पट्टा गुंडाळलेला आहे. ऊब वाटेत सांडू नये म्हणून त्या काळी तो सर्रास गुंडाळत. त्याचं नाव ॲस्बेस्टॉस. खरडला, फाडला की त्याची धूळ छातीत जाऊन बसते, म्हणून आता त्याचं नाव काढलं तरी लोक दोन पावलं मागे सरतात. तो काढायला खास माणसं बोलवावी लागतात आणि ती एका मोटारीइतके पैसे घेतात. "मार्सेला, त्याला हात लावू नकोस, म्हणजे तोही तुला काही करणार नाही," असं सांगून लॉइडने त्यावर नीट रंगाचा थर दिला. माझे तीन हात उरले. स्वयंपाकघर, जेवणघर आणि न्हाणीघर. वरच्या मजल्यावर मी पुन्हा पोहोचले नाही.

चार वर्षांपूर्वी मार्सेलाची धाकटी बहीण बर्नी राहायला आली. तिच्या घराचं भाडं एका वर्षात दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा वाढायच्या आत तिने दोन बॅगा आणि एक शिवणयंत्र उचललं आणि बहिणीचं दार वाजवलं. बर्नी म्हणजे घरातली तोफ. मार्सेला अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बर्नी त्र्याहत्तरची, आणि दोघींची भांडणं मात्र सात-आठ वर्षांच्या मुलींची. कोबी कुणी जाळला, चष्मा कुणी लपवला, भिंतीवरचा माझा खटका कुणी एका अंशाने वर केला, असली भांडणं. मला फार करमायचं. हिवाळ्यात त्या जेवणघरातलं टेबल भिंतीला सरकवायच्या आणि दोन खाटा टाकून तिथेच झोपायच्या. उन्हाळा आला की खाटा परत वर जायच्या. डेल कॅन्सस सिटीला नोकरी करतो. तो यायचा उन्हाळ्यात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला आणि नाताळला तोच दोघींना तिकडे न्यायचा. खाटांची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती.

मग या वर्षी मार्च महिन्यात एक पत्र आलं. गल्लीतली घरं कितीला विकली गेली ते बघून सरकारने घराची किंमत नव्याने धरली होती, आणि घरपट्टी त्या किमतीवर ठरते.

"दुप्पट?" बर्नी ओरडली. माझ्या तिन्ही हातांतून तिचा आवाज घुमला. "या घराची? वरचा नळ सोडला की खालचा रुसतो, त्या घराची?"

"हळू बोल. घराला ऐकू जाईल."

"जाऊ दे की! त्यालाही कळू दे, आपण केवढ्या राजवाड्यात राहतो ते."

मार्सेलाने पत्र पुन्हा वाचलं. मग सावकाश म्हणाली, "यंदाचं कसंतरी निभेल. पुढच्या वर्षी पेन्शनमध्ये नाही बसायचं. डेल म्हणतो, विकून टाक आणि इकडे ये. त्याच्या गॅरेजवरची खोली रिकामीच आहे."

"खोलीत खाटा किती आहेत?" बर्नीने विचारलं.



"एक," मार्सेला म्हणाली.

बर्नी उठून भांडी घासायला लागली. बर्नी न सांगता भांडी घासते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला कळायला वेळ लागला नाही. घर गेलं असतं तर मार्सेलाला जायला एक खोली होती. बर्नीला तेवढीही नव्हती. आणि माझं विचाराल, तर मला कापून भंगारात घातलं असतं. पण खरं सांगते मित्रांनो, त्या दिवशी मला माझं काही वाटलं नाही. मला त्या दुसऱ्या खाटेची काळजी लागली.

शेजारच्या घरात गेल्या वर्षी ग्वेन नावाची तरुण मुलगी कॅलिफोर्नियाहून राहायला आली होती. विकणाऱ्याने जी किंमत सांगितली तिच्यावर आणखी पैसे घालून तिने ते घर घेतलं, आणि तरी "किती स्वस्त!" असं गल्लीभर सांगत सुटली. अंडी आणली, स्वस्त. केस कापून आली, स्वस्त. तिचं ते "स्वस्त" ऐकलं की बर्नी दातओठ खायची. पण मुलगी मनाची चांगली होती. पत्राचं कळताच ती धावत आली.

"माझ्यामुळेच झालं ना हे?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"तुझ्या एकटीमुळे नाही गं," बर्नी म्हणाली. "तुझ्यासारख्या चाळीस जणांमुळे. बस. कॉफी घे. स्वस्त आहे."

ग्वेननेच त्यांना सांगितलं की किंमत पटली नाही तर हरकत घेता येते. साधा अर्ज करायचा, मग सरकारचा तपासनीस येऊन घर बघून जातो. तिने अर्ज आणला आणि स्वयंपाकघरात बसून भरायला घेतला.

"घराची अवस्था?"

"छान," मार्सेला म्हणाली.

"मिसेस व्होंद्रा, छान असेल तर हरकत कशाला घ्यायची?"

"बरं, मग 'वाईट नाही' असं लिही."

"काही मोडलंय? गळतंय?"

"मोडलंय असं नाही म्हणता येणार. काम भागतं. लोकांची याहून वाईट स्थिती असते."

बर्नीने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला खाली ऐकू आला.

मित्रांनो, हे तुम्हाला समजून घ्यावं लागेल. आमच्याकडच्या माणसांना तक्रार म्हणून करता येत नाही. पाय मोडून पडलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "वाईट नाही, दुसरा शाबूत आहे." एमिल शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात होता. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणाला, "तक्रार करण्यासारखं काही नाही." तीन दिवसांनी गेला. असल्या माणसांनी आपल्या घराविरुद्ध अर्ज लिहायचा म्हणजे मोठं संकट होतं. शेवटी ग्वेनने मार्सेलाला खिडकीतून बाहेर बघायला सांगितलं आणि तेवढ्यात स्वतःच दोन ओळी लिहून टाकल्या.

तपासनीस एप्रिलमधल्या एका गुरुवारी येणार असं ठरलं. आणि इथे मार्सेलाने एक मोठी चूक केली. पाहुणा येणार म्हटल्यावर तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. आठवडाभर ती घर घासत होती. खिडक्यांवरचं हिवाळ्याचं प्लास्टिक तिने उतरवलं आणि काचा आरशासारख्या केल्या. व्हरांड्याच्या पायऱ्यांना निळा रंग दिला. वरच्या गारढोण खोल्यांमधल्या पलंगांवर आईच्या हातच्या गोधड्या अंथरल्या. जेवणघरातल्या खाटा कोठीत लपवल्या आणि टेबल मधोमध आणून त्यावर लेसचा रुमाल घातला. खसखशीचे आणि सुक्या आलुबुखाराचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, तिने चार डझन भाजले.

"अगं बाई," बर्नी म्हणाली, "तो घराची किंमत कमी करायला येतोय. मागणी घालायला नाही!"

"म्हणून काय घाणीत बसवायचं त्याला? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बिचाऱ्या म्हाताऱ्या. तेच तर हवंय आपल्याला!"

"घर माझं आहे. बोलणार मी. तू फक्त कॉफी ओतायची आणि तोंड बंद ठेवायचं."

शेवटी मार्सेला तळघरात आली. मला वाटलं, आता माझी पाळी, एमिल पुसायचा तशी पुसणार. तिने माझ्याकडे बघितलं, एक उसासा टाकला आणि दोरी बांधून माझ्यापुढे फुलाफुलांची चादर लटकवली. डोक्यापासून पायापर्यंत. मी दिसू नये म्हणून. मित्रांनो, शंभर वर्षांत मला कुणी शिव्या दिल्या असतील, लाथाही मारल्या असतील, पण कुणी लपवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्या घरासाठी आपण जळलो, त्या घराला आपली लाज वाटावी, याहून मोठं दुःख भट्टीच्या नशिबी नसतं.

गुरुवारी सकाळी कडाक्याची थंडी पडली. आमच्या गल्लीत एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. नोव्हेंबर लागल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही आणि एप्रिल लागला की बंद, मग वर बर्फ पडला तरी चालेल. चर्चच्या दारात लोक एकमेकांना विचारतात, "पेटवली का?" आणि "हो" म्हणणाऱ्याची मान खाली जाते. मार्सेलाने हा नियम पन्नास वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी पाहुण्याला गारठा लागू नये म्हणून मोडला. तिने भिंतीवरचा खटका वर सरकवला आणि मी पेटले. चादरीची आठवण तिलाही राहिली नाही.

तपासनीस मिस्टर टॉलफसन अगदी सभ्य माणूस होते. चाळिशीचे असतील. दारात बूट पुसल्याचा आवाज मी मोजला, सहा वेळा पुसले. मार्सेलाने त्यांना सगळं घर दाखवलं. वरच्या खोल्या, गोधड्या, काचा.

"छप्पर कसं आहे?"

"वाईट नाही."

"गळतं का?"

"पाऊस पडला तरच."

ते हसले. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं. टेबलाखाली एक बूट दुसऱ्या बुटावर आपटला. बर्नी घरात तोफ असली तरी परक्या माणसापुढे तिचीही मिठाची गुळणी असते. सगळा जोर ती पायांतून काढत होती.

"घर गरम कशाने होतं?"

"आहे की खाली. छान ऊब येते," मार्सेला म्हणाली. "आणखी एक कोलाच घ्या."

त्यांनी तिसरा घेतला. मग पेनची कुरकुर आणि पानं उलटल्याचा आवाज आला. "खरं सांगू का मिसेस व्होंद्रा, या गल्लीतलं सगळ्यात नीट ठेवलेलं घर तुमचं आहे. मला तर वाटतं, धरलेली किंमत थोडी कमीच आहे."

एकशे दोन वर्षांची सेवा अशी चार डझन कोलाच्यांपायी वाया जाणार होती. मित्रांनो, शपथेवर सांगते, मी मुद्दाम काही केलं नाही. मी फक्त तापले. तापणं माझा धर्म आहे. चादर माझ्याच झळेने हलून दाराला चिकटली होती, ती करपायला लागली आणि तो वास माझ्या तिन्ही हातांतून थेट वर गेला.

"काही जळतंय का?" मिस्टर टॉलफसन म्हणाले.

"नाही, नाही. ते असंच," मार्सेला म्हणाली.

पण ते उठले होते. जिना धडाधड उतरून खाली आले, त्यांनी चादर ओढून काढली, पायाखाली तुडवली आणि मग वर बघितलं. ते डोक्यापासून पायापर्यंत मला न्याहाळत होते. मीही त्यांना न्याहाळत होते.

"ही... ही अजून चालते?"

आता मार्सेलाला राग आला. लाज वाटून तिने मला लपवलं होतं हे खरं, पण परक्याने येऊन अशी शंका घ्यावी हे तिला सहन झालं नाही. "चालते म्हणजे? एकशे दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही केला तिने!"

"आठही नळ्या चालू आहेत?"

"तीन."

"तीनच?"

"पण त्या तीन काय काम करतात! जेवणघर तर असं तापतं की खाटेवर दोनच पांघरुणं पुरतात."

"जेवणघरात खाट?"

"टेबल भिंतीला सरकवायचं आणि खाटा टाकायच्या. बर्नी घोरते, पण सोबत होते. बर्नीचे चार हिवाळे झाले, माझे सात. एमिल गेल्यापासूनचे."

मिस्टर टॉलफसननी खिशातून पेन काढलं. "आणि वरचा मजला?"

"हिवाळ्यात वर जायचं काय काम? वर नळात पाणी गोठतं, म्हणून नळ आधीच बंद करून ठेवायचा. सोपं आहे. आणि वरची कोठी इतकी गार असते की नाताळचे कोलाचे फेब्रुवारीपर्यंत टिकतात. लोक त्यासाठी यंत्रं विकत घेतात, आम्हाला फुकट!" ती रंगात आली होती. "खिडक्यांना आतून प्लास्टिक लावलं की झालं. वारा आला की ते फुगतं, रात्रभर टपटप वाजतं, तेवढीच करमणूक. ही पाच नळ्या गमावून बसली बिचारी, तो पांढरा पट्टा काढायला मोटारीइतका खर्च आहे, म्हणून तशीच ठेवली. पण तिने कधी आम्हाला उघड्यावर टाकलं नाही. हिच्याबद्दल माझ्यासमोर वावगं बोलायचं नाही, सांगून ठेवते."

पांढऱ्या पट्ट्याचं ऐकून ते दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी वरची सगळी पानं पुन्हा काढली आणि एकेक ओळ खोडायला लागले. जिन्यावर उभ्या असलेल्या बर्नीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आपण काय करतोय हे मार्सेलाला कळतच नव्हतं. तिला तक्रार करता येत नव्हती, तिने स्तुती केली. आणि ती स्तुती माझी होती. एमिल गेल्यापासून मी एक चांगला शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी माझ्या जुन्या लोखंडाला कंठ फुटला असता तर मी रडलेच असते.

"हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलंत?" जाताना मिस्टर टॉलफसननी विचारलं.

"उगाच तुम्हाला जिना उतरायला लावायचा," मार्सेला म्हणाली, आणि तिने त्यांना सहा कोलाचे बांधून दिले.

ऑगस्टमध्ये निकालाचं पत्र आलं. किंमत जवळजवळ होती तिथेच परत आली होती. घरपट्टी पेन्शनमध्ये बसत होती. दोघी बहिणी भर दुपारी स्वयंपाकघरात पोल्का नाचल्या आणि माझ्या अंगावर छताची धूळ पडली. ग्वेन खिडकीतून टाळ्या वाजवत होती. मग मार्सेलाने कारण वाचलं आणि नाच थांबला.

"'उष्णतेची व्यवस्था मूळची, कालबाह्य.' कालबाह्य? आपल्या भट्टीला कालबाह्य म्हणतात? मी याच्यावर हरकत घेणार आहे!"

"मार्सेला," बर्नी म्हणाली, "तू त्या कागदाला हात लावलास तर मी तुला त्या भट्टीत घालीन."

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते. डेल दोन दिवसांसाठी आला. मक्याची कणसं उकडली, जेवणं झाली आणि मार्सेलाने मोठ्या अभिमानाने ते पत्र त्याच्या हातात दिलं. डेल पन्नाशीचा आहे, सावकाश वाचणारा. त्याने पहिलं पान वाचलं, हसला आणि आईची पाठ थोपटली. मग दुसरं पान उलटलं. ते दोघींपैकी कुणी वाचलंच नव्हतं.

"'वरचा मजला हिवाळ्यात राहण्याजोगा नाही,'" तो वाचायला लागला. "'दोन्ही वृद्ध रहिवासी हिवाळाभर जेवणघरात झोपतात.'" तो थांबला. "आई, हे काय आहे?"

"घरपट्टीचं पत्र आहे. कमी झाली."

"जेवणघरात कोण झोपतं?"

"मी फक्त घोरते," बर्नी म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

डेल उठला आणि खाली माझ्याकडे आला. त्याने माझे कापलेले पाच हात एकेक करून बघितले. मग फ्रांतिशेक धरायचे तिथे, माझ्या अंगाशी, हात धरून उभा राहिला. मी थंडगार होते. सप्टेंबर होता ना. "दर रविवारी फोन करतो मी," तो मलाच म्हणाला. "दर रविवारी विचारतो, कसं चाललंय. दर रविवारी म्हणते, छान चाललंय. आणि मी ठेवून देतो."

वर जाळीजवळ मार्सेला गुडघे टेकून बसली. तिचे गुडघे वाजले, ते मला ऐकू आलं. डेलने वर तोंड केलं. त्याचा आवाज माझ्या हातातून वर गेला. "आई, खरं सांग. हिवाळ्यात इथे कसं असतं?"

"अरे, वाईट नाही," ती म्हणाली. "लोकांची याहून..."

ती मध्येच थांबली.

"फार थंडी असते, डेल," ती म्हणाली. "आता मला सोसत नाही."

मित्रांनो, एकशे दोन वर्षांत या घरात मी खूप बोलणं ऐकलं. पण एवढं धाडसाचं वाक्य ऐकलं नव्हतं. डेल त्या दिवशी कॅन्सस सिटीला परत गेला नाही. आठवडाभर राहिला. त्याने वरच्या दोन खोल्यांत विजेच्या शेगड्या बसवल्या, खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि लॉइडला बोलावून मला झाडून, पुसून घेतलं. लॉइड म्हणाला, नीट सांभाळलं तर अजून काही हिवाळे ही काढेल.

तेव्हा जाता जाता एकच मागणं. जुन्या वस्तू जपा, त्यांना लपवू नका, हे तर मी सांगतेच. पण तुमच्याही घरचं कुणी लांब राहत असेल आणि फोनवर दर वेळी "आमचं छान चाललंय" म्हणत असेल, तर एकदा त्यांच्याकडे जाऊन राहा. आणि जायचंच असेल तर हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात सगळीच घरं उबदार असतात.